ओल्या लाकडाचे भांडे

सुतारकामाचे कोणतेही पुस्तक उघडा, पहिल्या दोन-चार पानांतच लाकूड नीट वाळलेले असावे अशी ताकीद असते. दाराच्या चौकटीसाठी, कपाटासाठी, टेबल-खुर्चीसाठी ती अगदी रास्त आहे. ओल्या फळीची चौकट बसवली तर पुढच्या चैत्रात तिचे सांधे उघडे पडतात. या पुस्तकातले काम मात्र काल-परवा तोडलेल्या, करवत फिरली की अजून पाणी सुटते अशा लाकडाचे आहे. ते कोरून किंवा लेथवर फिरवून त्यातून भांडी करायची: काठवट, थाळे, वाडगा, करंडा, फुलदाणी. वाळलेले लाकूड मिळत असतानाही ही भांडी ओल्या लाकडाचीच का करावीत, हे आधी सांगितले पाहिजे. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

फूटभर रुंदीचे आणि पाच इंच खोलीचे भांडे करायचे तर तेवढ्या जाडीचा ठोकळा लागतो. लाकूड वाळायला इंचाला एक वर्ष, हा सुतारांचा जुना ढोबळ हिशेब. म्हणजे पाच वर्षे थांबायचे. आणि थांबूनही ठोकळा शाबूत राहीलच असे नाही. त्याचा बाहेरचा भाग आधी सुकतो आणि आकसू पाहतो, आतला ओला गर त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत ठोकळा गाभ्यापर्यंत फाटतो. हाच ठोकळा आज, ओला असतानाच आतून कोरून बोटभर जाडीचा केला, तर ती भिंत आतून-बाहेरून सारखी सुकते, काही महिन्यांत सुकते, आणि आकसायला तिला मोकळीक मिळते. शिवाय ओले लाकूड हत्याराला मऊ लागते. ज्या बाभळीवर वाळल्यानंतर पटाशीची धार बसते, तीच बाभूळ तोडल्याच्या दिवशी तासणीखाली सालपटासारखी निघते. भांडे करणे म्हणजे ठोकळ्याचा बराचसा भाग काढून टाकणे, तर ते काम लाकूड मऊ असतानाच उरकावे, हे कोणत्याही कष्टकऱ्याला पटेल.

हे ज्ञान सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कडेगाव-विट्याच्या भागात बाहेरून आणावे लागत नाही. कृष्णाकाठापासून माणदेशापर्यंत घरोघरी काठवट होती. ज्वारी-बाजरीचे पीठ मळायला आणि भाकरी थापायला एकाच लाकडाची कोरलेली, उथळ, रुंद, काठाला जाड अशी ती असे. पितळी परात पावण्या-रावळ्यांसाठी आणि लग्नकार्यासाठी, रोजची भाकरी काठवटीतली. वर्षानुवर्षे तळहात घासून तिचा मधला भाग इतका गुळगुळीत होई की पॉलिशला तसे जमणार नाही. तडा गेला तर पत्र्याची पट्टी ठोकून ती आणखी काही वर्षे चालवत. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या पराती स्वस्त झाल्यावर काठवटी माळ्यावर गेल्या, मग चुलीत गेल्या. आता शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींवर त्या शोभेला टांगलेल्या दिसतात. एवढ्या कामाच्या वस्तूचे असे झाले याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे तिच्याबरोबर ती करण्याची रीत माणसांच्या हातातून निसटली.

ती रीत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. लिंबाचा किंवा आंब्याचा मांडीएवढा, जमल्यास त्याहून जाड बुंधा घ्यायचा. (आमच्याकडे लिंब म्हणजे कडुनिंबच.) पाचर मारून तो उभा, बरोबर गाभ्यातून दोन भागांत फोडायचा. करवतीने चिरण्यापेक्षा फोडणे चांगले, कारण पाचर रेषेच्या कलाने जाते आणि लाकडात कुठे पीळ आहे ते तिथेच उघडे होते. मग गाभ्याची दोन बोटे रुंदीची पट्टी तासून टाकायची. गाभा ठेवला तर भांडे फाटणार, यात अपवाद जवळजवळ नाही. उरलेल्या अर्ध्या ओंडक्यावर दोरी आणि कोळशाने वर्तुळ काढायचे, कुऱ्हाडीने बाहेरचे कोपरे उडवायचे आणि आत तासणी चालवायची. तासणी काठाकडून मधल्या भागाकडे चालते, दोन्ही बाजूंनी उतरत, आणि रेषेला आडवी. उलट दिशेने घातली की रेषा उचकटते आणि काठाचा तुकडा घेऊन जाते. ताज्या लिंबाला कडवट, तिखट वास असतो. ढलप्या जड आणि थंड पडतात, मुठीत आवळल्या तर तळहात ओला होतो. भांड्याचा तळ जवळ येऊ लागला की तासणीचा आवाज बदलतो, भरीव असलेला ठोका पोकळ होतो. जुने कारागीर जाडी मोजायला कंपास लावत नसत. एक हात बाहेरून तळाला लावून दुसऱ्या हाताच्या बोटाने आतून टिचकी मारत आणि जाडी ओळखत. पुस्तकातून शिकणाऱ्याला हे जमायला वेळ लागेल, म्हणून पुढे जाडी मोजायच्या साध्या कर्काटकाची आकृती दिली आहे.

आता पाण्याचा हिशेब. लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. पेशींच्या पोकळ्यांत मोकळे पाणी आणि पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी. हलक्या जातीच्या ताज्या लाकडात पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाहून जास्तही भरू शकते. आधी मोकळे पाणी जाते. ते जात असताना लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर आला की मोकळे पाणी संपलेले असते आणि भिंतींतले पाणी निघू लागते. आकसणे सुरू होते ते तिथून. म्हणूनच कोरलेले भांडे पहिले काही दिवस अगदी शहाण्यासारखे वागते आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकाएकी वाकडे होऊ लागते. शिकणारा घाबरतो तो याच वेळी, आणि उन्हात ठेवून किंवा तेल चोपडून काहीतरी करू पाहतो. काही करू नये. भांडे ढलप्यांच्या ढिगात पुरून किंवा जाड कागदी पोत्यात घालून घराच्या थंड कोपऱ्यात ठेवावे आणि दर आठ दिवसांनी त्याचे वजन करून लिहून ठेवावे. वजन घटायचे थांबले की ते वाळले. यापेक्षा भरवशाची खूण नाही, आणि किराणा दुकानातला तराजू यासाठी पुरतो.

लाकूड सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही, ही या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. झाडाच्या उंचीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडे आकसते आणि वाढीच्या कड्यांच्या दिशेने सर्वांत जास्त, साधारण दुप्पट. सागवान हे कमी आकसणारे, गुणी लाकूड. तेही ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत कड्यांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसते. घरातल्या हवेत लाकूड पूर्ण कोरडे कधीच होत नाही, तरी फूटभर व्यासाच्या गोल वाडग्याची रुंदी एका बाजूने सेंटिमीटरभर कमी भरते. तो लंबगोल होतो. त्याचा काठ किंचित लाटेसारखा वर-खाली होतो आणि बूड डळमळू लागते.

याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही चांगली आहेत. एक उत्तर असे की भांडे आधी जाडच ठेवावे. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी असावी, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या वाडग्याला ३ सेंटिमीटर. तसेच वाळू द्यावे, वाकडे व्हायचे तेवढे होऊ द्यावे आणि मग पुन्हा लेथवर चढवून नीट गोल करावे. दुसरे उत्तर म्हणजे पहिल्याच बैठकीत भिंत अगदी पातळ करावी आणि ती वाळताना जो आकार घेईल तो तिचा मानावा. माझे मन दुसऱ्याकडे जास्त ओढले जाते. पातळ भिंतीचा वाडगा वाळून लंबगोल झाला की झाड कोणत्या बाजूने उभे होते, कडे कसे वळले होते, फांदी कुठे फुटली होती ते सगळे त्याच्या काठावर वाचता येते. तो बाक मुद्दाम काढायला गेले तर कोणत्याही हत्याराने निघणार नाही. काठवट करणाऱ्यांना हे ठाऊक होते. ते बूड शेवटी, वाळल्यानंतर सपाट करत आणि काठ जसा झाला तसा ठेवत.

युरोपातही हीच रीत होती. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचे लढाऊ जहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढले. त्यात खलाशांच्या लाकडी थाळ्या आणि वाडगे सापडले, आणि काहींवर मालकाने आपली खूण कोरलेली आहे. ज्या माणसाचे नावही इतिहासात नाही त्याचा वाडगा मात्र राहिला. पुढे चिनी मातीची आणि पत्र्याची भांडी आली आणि तिथलेही कारागीर संपत गेले. बकलबरी नावाच्या गावात जॉर्ज लेली हा कारागीर पायाने चालणाऱ्या लेथवर ओल्या एल्म लाकडाचे वाडगे करत राहिला. एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढण्यात त्याचा हातखंडा होता. १९५८ मध्ये तो गेला आणि त्याच्यामागे ते काम चालवणारे कोणी नव्हते. त्याचा लेथ रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. रॉबिन वूड या इंग्रज कारागिराने पुढे तो लेथ आणि जुने वाडगे तपासून ती कला परत उभी केली, आणि आज तिथे पुष्कळ तरुण ती शिकतात. साखळी तुटल्यावरसुद्धा वस्तू आणि हत्यारे जपलेली असतील तर माणसे पुन्हा शिकू शकतात, हे या उदाहरणातून मला दिसते.

आपल्याकडे हे जपणे कमी झाले, पण अजिबात झाले नाही असे नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दारे, स्वयंपाकघरातली भांडी अशा साध्या घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने राजा केळकर संग्रहालय उभे केले. लाकूडकाम शिकणाऱ्याने तिथे एक दिवस काढावा. त्याहून जवळ औंध आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये तिथे भवानी वस्तुसंग्रहालय उभारले. याच राजाने १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखान्यासाठी जागा दिली, तीच किर्लोस्करवाडी. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन नासेल असे शेतकरी सुरुवातीला म्हणत होते. पुढे तोच नांगर घरोघरी गेला आणि सुताराचा लाकडी नांगर मागे पडला. लोखंडी नांगर खोल जात होता, बैलांचे आणि माणसांचे कष्ट वाचवत होता, तो यायलाच हवा होता. पण बलुत्यावर जगणाऱ्या गावसुताराचा वर्षाचा धान्याचा वाटा प्रामुख्याने औतांवर उभा होता. तो गेल्यावर काठवटीपुरता सुतार गावात टिकणे शक्यच नव्हते. किर्लोस्करांनीच पुढे, १९४१ मध्ये, हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढून धातूकामाचे लेथ बनवले. या भागातल्या वर्कशॉपांतल्या माणसांना लेथ नवा नाही. लोखंड कापणाऱ्या त्या हातांना लाकडाचा लेथ समजायला फार दिवस लागणार नाहीत.

लाकडाचा लेथ आपल्याकडे कातारी चालवत. एक जण दोरी ओढे, लाकूड एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरे, आणि दुसरा कारागीर त्याच्या पुढ्यात बसून, पायाच्या अंगठ्याचाही आधार घेत हत्यार धरी. हत्यार कापते ते फक्त एका दिशेच्या फेरीत, म्हणजे निम्मा वेळ वायाच. तरी पाळण्याचे खूर, लाटणी, कुंकवाचे करंडे, बाहुल्या आणि भिंगऱ्या अशाच लेथवर झाल्या. सावंतवाडीच्या चितारआळीत ही परंपरा लाकडी फळे आणि खेळणी यांच्या रूपाने अजून दुकानांत दिसते. पूर्वी त्यासाठी हलका पांगारा वापरत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या लाकडावर लाखेचा रंग चढवतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने ती वितळते आणि केवड्याच्या पात्याने ती पसरवून चकाकी आणतात. इथे एक फरक नीट ध्यानात ठेवला पाहिजे. आकार ओल्या लाकडाला द्यायचा, लाख मात्र पूर्ण वाळलेल्या लाकडालाच लावायची. ओलावा आत कोंडला की लाखेचे पापुद्रे निघतात.

आजचा लेथ विजेवर चालतो आणि एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे काम झपाट्याने होते आणि धोकाही वाढतो. ओला, ओबडधोबड ठोकळा जड असतो, त्याचा तोल साधलेला नसतो. फूटभराच्या ठोकळ्याला सुरुवातीला मिनिटाला चारशे-पाचशे फेऱ्यांच्या वर नेऊ नये. तोंडावर पूर्ण झाकण हवे, हातात कडे-बांगडी नको, गळ्यात उपरणे किंवा ओढणी नको, बाहीची टोके मोकळी नकोत. हत्याराचा टेकू लाकडाच्या जवळ असावा आणि तो सरकवायचा तर आधी लेथ बंद करावा. हे सगळे पुढे पुन्हा येईल आणि पुन्हा पुन्हा येईल. ठोकळा गोल झाला की मग मजा सुरू होते. गोल पटाशी नीट लागली की ओल्या लाकडाची लांबच लांब फीत हत्यारावरून निघते आणि खांद्यावरून मागे पडते. आतले पाणी फेकले जाऊन चेहऱ्यावर आणि भिंतीवर त्याचे तुषार उडतात. धूळ जवळजवळ नसते, आणि फुप्फुसांच्या दृष्टीने हा ओल्या कामाचा मोठा फायदा. शिरीषाचे वाळलेले लाकूड फिरवल्यावर शिंकांनी हैराण झालेल्या माणसाला तो लगेच पटेल.

झाडांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बाहेरची पुस्तके मेपल आणि बर्चविषयी बोलतात आणि आपल्याकडे बांधावर बाभूळ असते. बाभूळ जड, चिवट, आतून तांबूस. तिच्यात टॅनिन भरपूर, त्यामुळे ओल्या बाभळीला लोखंड लागले की लाकूड निळे-काळे पडते आणि कारागिराचे हातही पडतात. काम झाल्यावर कागदी लिंबाचा रस चोळला तर डाग बरेच उतरतात. उलट हाच गुण वापरून गंजलेल्या खिळ्यांच्या पाण्याने मुद्दाम काळी नक्षीही काढता येते. लिंबाची रेषा एकमेकींत गुंतलेली असते. एका पट्ट्यात हत्यार मऊ चालते, शेजारच्या पट्ट्यात रेषा उचकटते, म्हणून त्याला हत्यार फार धारदार लागते आणि हात हलका लागतो. आंबा सोपा, पांढरट-पिवळसर, नवशिक्याचा मित्र. पण पावसाळ्यात तोडलेला आंबा चार-आठ दिवस तसाच ठेवला की बुरशी चढून निळे-करडे पट्टे येतात. कोणाला ते पट्टे आवडतात, तो मुद्दाम थांबतो. शिरीषाचा आतला भाग गडद तपकिरी आणि बाहेरचा फिकट, त्यामुळे एकाच वाडग्यात दोन रंग मिळतात. निलगिरी वाळताना इतकी वेडीवाकडी होते की सुरुवातीला तिच्या वाटेला न जाणे बरे. वड, पिंपळ, उंबर तोडायला गावाकडे लोक राजी नसतात. त्या भावनेचा मान राखावा. वादळाने पडलेल्या फांद्या सुद्धा मागून, विचारून घ्याव्यात.

कोणत्या महिन्यात काम करावे? आमच्या भागात फाल्गुन ते वैशाख हे महिने ओल्या लाकडाला घातक. कोरडा वारा ओंडक्याची टोके काही तासांत फाडतो. म्हणून तोडल्याबरोबर टोकांना मेण किंवा शेणाचा जाड लेप द्यावा. पाणी सर्वांत वेगाने टोकांतूनच निघते, ते लेपामुळे मंदावते. पूर्वीचे सुतार बाभळीचे ओंडके विहिरीत किंवा ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवत. पाण्यात लाकडातला पिठूळ अंश विरघळून जातो आणि मग भुंगा पोखरत नाही. श्रावण-भाद्रपदात हवेतच ओल असते. त्या काळात केलेले भांडे सावकाश आणि नीट वाळते, फक्त बुरशीवर लक्ष ठेवावे लागते. साल काठावर ठेवून भांडे करायचे असेल तर झाड पौष-माघात तोडलेले असावे. पालवी फुटण्याच्या आधी साल घट्ट धरलेली असते, चैत्रानंतर ती सुटून येते.

नक्षीविषयी माझी मते ठाम आहेत आणि ती इथे स्पष्ट सांगतो. भांड्याची भिंत आणि काठ आधी निर्दोष असावेत. काठ ढिला असला, तळाशी अकारण जाडी राहिली असली, तर कितीही वेली कोरल्या तरी ते भांडे उभे राहत नाही. कोरायचे ठरवले असेल तर जिथे नक्षी यायची तिथे लेथवरच एक जाड पट्टा सोडून ठेवावा. कोरावे अर्धवट वाळल्यावर. अगदी ओल्यात बारीक कड ठरत नाही, ती फुगते आणि दबते. पुरते वाळल्यावर हात दुखतो. मधले पाच-सहा दिवस असे असतात की पटाशी आणि किकरे लोण्यातून चालल्यासारखी चालतात आणि कड मात्र धारदार राहते. नमुने शोधायला लांब जायला नको. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणीसांच्या वाड्यात आणि आपल्याकडच्या कितीतरी पडक्या वाड्यांत सुरूचे खांब, केळफुलांचे हात, कमळे आणि महिरपी आहेत. मिरजेचे सतार-तंबोरा करणारे कारागीर भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे लाकडी पाने बसवतात. ती पाने सजावट करतात आणि सांधाही झाकतात. त्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेला जाऊन ते पान कसे संपते, त्याचे टोक कुठे वळते, हे पाहावे. नक्षी कुठे थांबवायची हे त्याहून चांगले कुठे शिकायला मिळेल, मला माहीत नाही.

कडेगावच्या लोकांना उंच आणि तोलाच्या बांधणीचे शिक्षण मी देण्याची गरज नाही. मोहरमला इथे उभे राहणारे गगनचुंबी ताबूत आणि त्यांच्या भेटी पाहायला दुरून माणसे येतात. कळकाच्या सांगाड्यावर कागदाची कलाकुसर चढते आणि त्या कामात हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतले हात असतात. ज्या गावाला इतक्या उंचीवर बाजू सारख्या राखता येतात त्याला वाडग्याचा घेर अवघड नाही. फरक एवढाच की ताबूत वर्षातून एकदा उभे राहतात आणि वाडगा रोज वापरायचा.

आता लाकूड कुठून आणायचे. हा प्रश्न टाळून हे पुस्तक लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नसते. कडेगाव तालुका मुळात कमी पावसाचा. सागरेश्वरच्या उघड्या डोंगरांवर धो. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे लावून अभयारण्य उभे राहिले, कारण तिथे झाडे उरली नव्हती. तिथल्या काटकीलाही हात लावायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. दुसरीकडे ताकारी-टेंभू योजनांचे पाणी आले, ऊस आला, आणि सावलीने पीक मार खाते म्हणून बांधावरच्या बाभळी आणि लिंब जात आहेत. गुहागर-विजापूर रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडे गेली. २०२० मध्ये मिरज तालुक्यातल्या भोसे गावाजवळचा जुना वड रस्त्याच्या कामात जाणार होता. लोकांनी आवाज उठवला आणि त्या वेळी तो वाचला. अशी झाडे राहावीत यासाठी भांडले पाहिजे. पण जे पडते, जे तोडले जाते, त्याचे काय होते? मोठा भाग वीटभट्टीत जातो. वाडगा होऊ शकला असता असा लिंबाचा बुंधा एका रात्रीत राख होतो. भट्टीवाल्याला तो टनावर मिळतो. त्यातले दोन ओंडके बाजूला काढून द्यायला तो नाही म्हणत नाही. छाटणीच्या जाड फांद्या, वादळात पडलेली झाडे, जुन्या बागेतले उपटलेले आंबे, विहिरीच्या कडेने काढलेले शिरीष, एवढे लाकूड कोणत्याही शिकणाऱ्याला पुरून उरते. भांड्यासाठी उभे झाड तोडावे असे या पुस्तकात कुठेही सुचवलेले नाही. शिवाय १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग, खैर अशी कितीतरी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. घेताना त्याचा कागद पाहावा.

तेलाविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती विचारणारे फार भेटतात. शेंगतेल लावू नये. ते लाकडात सुकत नाही, चिकट राहते आणि खवट होते. जवसाचे तेल सुकते, पण सावकाश. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने कोरडे पुसावे, आठ दिवस थांबून दुसरा हात द्यावा. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना तापते आणि त्या चोळामोळ्यातून आग लागल्याच्या घटना घडतात. फडकी दोरीवर पसरून वाळवावीत. ज्या काठवटीत रोज पीठ मळायचे तिला तेल लावले नाही तरी चालते, हात आणि पीठ ते काम करतात.

प्रकरणांचा क्रम मी काठवटीपासून लावला आहे. तिला वीज लागत नाही, लेथ लागत नाही. कुऱ्हाड, पाचर, तासणी, एक गोल पटाशी आणि लोहाराकडून करून घेतलेली वाकडी खुरपणी एवढ्यावर ती होते. तासणी आजही गावच्या लोहाराकडे मिळते, फक्त तिचे पाते आतून वाकवून घ्यावे लागते. ते किती वाकवायचे याची आकृती पहिल्याच प्रकरणात आहे, ती कागदावर उतरवून लोहाराला द्यावी. पहिली काठवट आंब्याची करावी, वीतभर रुंदीची, आणि तिच्या बुंध्याचा राहिलेला अर्धा भाग ओल्या गोणपाटात गुंडाळून दुसरीसाठी ठेवावा.